प्रवासातील उपकरणे: कोणती कामी येतात, कोणती पैसे वाया घालवतात (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

प्रवासाची तारीख ठरली की बॅग भरण्याआधी खरेदीची यादी तयार होते आणि त्या यादीत कपड्यांपेक्षा उपकरणांचीच गर्दी अधिक असते. त्यांतील काही वस्तू वर्षानुवर्षे साथ देतात. बऱ्याचशा मात्र पहिल्या प्रवासानंतर माळ्यावर जाऊन पडतात. पुढील उत्तरांमध्ये प्रत्येक वस्तूला एकच कसोटी लावली आहे. मागच्या एखाद्या प्रवासात ज्या अडचणीने खरोखर खोळंबा केला होता ती अडचण ही वस्तू दूर करते का, आणि खिशातला फोन तेच काम आधीपासून करत नाही ना, एवढेच पाहायचे.

पॉवर बँक किती क्षमतेची घ्यावी?

बहुतेकांसाठी १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचे माप) पुरेशी असते. खोक्यावरचा हा आकडा आतल्या लिथियम सेलचा, म्हणजे सुमारे ३.७ व्होल्टवरचा असतो. फोनला देताना वीज ५ व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाने द्यावी लागते, त्यामुळे ३७ वॅट-तासांच्या (१० अँपिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट) या साठ्याचे ५ व्होल्टवर ७,४०० एमएएच होतात, आणि रूपांतरात उष्णतेच्या रूपाने जाणारी वीज वजा केली की हातात साडेसहा हजारांच्या आसपास उरते. ५,००० एमएएचची बॅटरी असलेला फोन यावर फार तर दीड वेळा पूर्ण भरतो. ‘दोनदा भरेल असे वाटले होते, मग ही खोटी निघाली का’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. वस्तू खोटी नसते, हिशेब अर्धाच केलेला असतो. चांगल्या उत्पादनावर प्रत्यक्ष मिळणारी क्षमता बारीक अक्षरांत वेगळी छापलेली असते, ती वाचूनच खरेदी करावी.

लॅपटॉपही चालवायचा असेल किंवा दोघांचे फोन एकाच पॉवर बँकेवर असतील, तर २०,००० एमएएच घेण्यात अर्थ आहे. त्यापुढे वजन इतके वाढते की दुसऱ्या दिवसापासून ती खोलीवरच ठेवली जाते.

विमानात पॉवर बँक नेता येते का?

नेता येते, पण केवळ हातातल्या बॅगेत. चेक-इन सामानात ती ठेवण्यास मनाई आहे, कारण लिथियम बॅटरी पेटलीच तर केबिनमध्ये कर्मचारी लगेच धावून जाऊ शकतात आणि खालच्या मालकक्षात तसे करता येत नाही. १०० वॅट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेला सहसा वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॅट-तासांसाठी विमान कंपनीची संमती लागते आणि अशा जास्तीत जास्त दोनच नेता येतात. १६० च्या वर प्रवासी सामानात थाराच नाही. २७,००० एमएएचची पॉवर बँक ९९.९ वॅट-तासांची भरते, आणि बाजारात हा काहीसा विचित्र आकडा इतका दिसतो त्याचे कारण हेच.

नियम अलीकडे कडक होत चालले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वी आगीत जळाले. प्रवासी बाहेर पडू शकले, पण त्यानंतर १ मार्च २०२५ पासून तेथे पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात न ठेवता स्वतःजवळ ठेवण्याचा नियम आला. चीनने २८ जून २०२५ पासून देशांतर्गत उड्डाणांत ‘३सी’ हे प्रमाणचिन्ह नसलेल्या पॉवर बँकांना बंदी केली, आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यास मनाई करून प्रत्येकी एकच नेण्याची मुभा ठेवली. म्हणून तिकीट काढलेल्या कंपनीचा नियम निघण्याच्या आठवड्यात पुन्हा पाहावा. ज्या पॉवर बँकेवरची अक्षरे पुसली गेली आहेत ती घरीच ठेवावी, कारण क्षमता वाचता आली नाही तर तपासणीवरचा माणूस ती काढून घेऊ शकतो आणि त्याच्याशी वाद घालायला आपल्याकडे पुरावा नसतो.

सौरऊर्जेवर चालणारी पॉवर बँक कशी असते?

पाठीवर छोटी सौरपट्टी चिकटवलेली पॉवर बँक घेऊ नये. हिशेब साधा आहे. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. १४ बाय ७ सेंटिमीटरच्या पट्टीच्या वाट्याला त्यातले जेमतेम १० वॅट येतात आणि पट्टी त्यातून फार तर २ वॅट वीज काढते. ३७ वॅट-तासांची बॅटरी अशा रीतीने भरायला नुकसान धरून पंचवीस तासांच्या आसपास माध्यान्हीचे ऊन लागते, म्हणजे पाच-सहा दिवस. शिवाय ती बॅटरी तेवढा वेळ उन्हात तापत राहते, जे लिथियम सेलला अजिबात मानवत नाही. विजेपासून अनेक दिवस दूर असणाऱ्या गिर्यारोहकांनी घडीची, वेगळी, २० वॅटच्या पुढची सौरपट्टी नेणे ही निराळी गोष्ट आहे.

अ‍ॅडॉप्टर आणि कन्व्हर्टर यांत फरक काय?

अ‍ॅडॉप्टर केवळ पिनांचा आकार बदलतो. कन्व्हर्टर विजेचा दाब बदलतो. हा फरक न कळल्यामुळे जितकी उपकरणे जळतात तितकी अन्य कोणत्या कारणाने क्वचितच जळत असतील. युरोपात आणि आशियाच्या मोठ्या भागात २३० व्होल्टच्या आसपास वीज असते, अमेरिकेत १२० आणि जपानमध्ये १०० व्होल्ट असते.

आपल्या चार्जरवर बारीक अक्षरांत ‘इनपुट १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे छापलेले असेल, तर त्याला कन्व्हर्टर लागत नाही. फोन, लॅपटॉप, कॅमेरा यांचे आजचे जवळजवळ सर्व चार्जर असेच असतात. प्रश्न उरतो तो तापणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे हेअर ड्रायर, इस्त्री आणि किटली यांचा. अशा वस्तूंची शक्ती व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. १२० व्होल्टसाठी बनवलेला हेअर ड्रायर २३० व्होल्टला लावला तर तो साडेतीन पटींहून अधिक वीज खेचतो आणि काही सेकंदांत धूर सोडतो. उलट दिशेने धोका नसतो, पण फजिती होते. माझी १,००० वॅटची प्रवासी किटली १०० व्होल्टवर लावली तेव्हा ती १९० वॅटची होऊन बसली, आणि दोन कप पाण्याला बुडबुडे यायला वीस मिनिटे लागली. तोपर्यंत चहाची इच्छाच मावळली होती.

मग कन्व्हर्टर घेऊन ठेवावा का?

नाही. तापणाऱ्या वस्तू पेलणारा कन्व्हर्टर जड असतो, आणि त्याच्या किमतीत व वजनात दोन्ही दाबांवर चालणारी नवी वस्तू सहज बसते. मात्र अशा काही वस्तूंवर दाब बदलण्याचे छोटे बटण हाताने फिरवावे लागते, हे लक्षात ठेवावे.

सर्व देशांत चालणारा एकच अ‍ॅडॉप्टर चांगला की प्रत्येक देशासाठी वेगळा?

एकाच प्रवासात तीन-चार प्रकारच्या सॉकेटांशी गाठ पडणार असेल तर एकत्रित अ‍ॅडॉप्टर सोयीचा आहे. एरवी छोटा, साधा, त्या प्रदेशापुरता अ‍ॅडॉप्टर अधिक भरवशाचा ठरतो. एकत्रित अ‍ॅडॉप्टरचा ठोकळा जड असल्याने सैल सॉकेटमधून तो हळूहळू ओघळतो, आणि रात्री लावलेला फोन सकाळी १२ टक्क्यांवर सापडतो. शिवाय अशा बऱ्याच ठोकळ्यांमध्ये अर्थिंगची जोडणी नसते, त्यामुळे धातूच्या आवरणाची उपकरणे त्यावर लावू नयेत.

थोडी माहिती असली की खरेदी कमी होते. दोन बारीक गोल पिनांचा ‘सी’ प्रकारचा प्लग युरोपातील बहुतेक देशांच्या सॉकेटांत बसतो, स्वित्झर्लंड आणि इटलीतील वेगळ्या सॉकेटांतही बसतो. तीन आयताकृती पिनांचा ‘जी’ प्रकार ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग आणि संयुक्त अरब अमिरातीत आढळतो. तिरप्या चपट्या पिनांचा ‘आय’ प्रकार ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये चालतो, तर जपान आणि अमेरिकेत दोन सरळ चपट्या पिना पुरतात. एका देशात एकच अ‍ॅडॉप्टर आणि त्यावर तीन-चार पोर्टांचा एक चार्जर, ही मांडणी सर्वांत सुटसुटीत.

‘गॅन’ चार्जर खरोखर उपयोगी आहे की नुसते नाव?

उपयोगी आहे, आणि या पानावर मनापासून शिफारस करावी अशा मोजक्या वस्तूंत त्याचा क्रमांक वरचा आहे. सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक वापरल्यामुळे विजेची उघडझाप अधिक वेगाने होते, उष्णता कमी निर्माण होते आणि म्हणून आतले भाग लहान करता येतात. ६५ वॅटचा असा चार्जर मुठीत मावतो आणि लॅपटॉप, फोन व हेडफोन या तिघांची वेगवेगळी विटांसारखी चार्जरे घरी राहतात. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोन-टॅब्लेटना यूएसबी-सी पोर्ट सक्तीचा केल्यापासून तर तारांचा गुंता आणखी कमी झाला आहे.

दोन गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही. खोक्यावरचे ६५ वॅट एकच पोर्ट वापरात असतानाचे असतात. दुसरे उपकरण जोडताच ते बहुधा ४५ आणि २० असे विभागले जातात आणि लॅपटॉप मंद भरू लागतो. दुसरी गोष्ट तारेची. साधी यूएसबी-सी तार ६० वॅटपर्यंतच वीज नेते, आणि त्याहून जास्त नेण्यासाठी जिच्या टोकात ओळख सांगणारी छोटी चिप बसवलेली आहे अशीच तार लागते. महाग चार्जर घेऊन हाताला लागेल ती तार जोडणारे पुष्कळ आहेत, आणि दोष चार्जरला देतात.

बॅगेत टाकायचा ट्रॅकर घ्यावा का?

चेक-इन सामान असेल तर अवश्य घ्यावा. विमानतळांच्या तंत्रज्ञानाचे काम करणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये दर हजार प्रवाशांमागे ६.९ बॅगा उशिरा पोहोचल्या, हरवल्या किंवा खराब झाल्या. आकडा लहान आहे, पण आपली बॅग त्यात सापडली की तो शंभर टक्के होतो.

ट्रॅकरकडून काय अपेक्षा ठेवावी हे मात्र समजून घेतले पाहिजे. २०२१ मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या एअरटॅगसारख्या ट्रॅकरमध्ये जीपीएस नसते. तो ब्लूटूथवरून खूण सोडत राहतो, जवळून जाणाऱ्या कोणाच्या तरी सुसंगत फोनला ती ऐकू येते आणि तो फोन आपले ठिकाण गुपचूप कळवतो. म्हणून गजबजलेल्या विमानतळावर तो उत्तम चालतो, तर निर्मनुष्य गोदामात तासन्‌तास गप्प बसतो. अँड्रॉइड फोनसाठी गूगलने अशीच व्यवस्था एप्रिल २०२४ मध्ये सुरू केली. ट्रॅकर आपल्या फोनच्या जातीचाच घ्यावा.

ट्रॅकर बॅग परत आणत नाही, तो फक्त वाद संपवतो. बॅग मागच्याच विमानतळावर पडून आहे हे पडद्यावर दाखवता आले की ‘ती बहुधा पट्ट्यावर येईल, थांबा’ या उत्तरावर दोन तास घालवावे लागत नाहीत. आयफोनमध्ये डिसेंबर २०२४ पासून हे ठिकाण विमान कंपनीला तात्पुरत्या दुव्याने देता येते. विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या माँट्रियल कराराखालील आंतरराष्ट्रीय प्रवासात खराब झालेल्या बॅगेची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची तक्रार ती मिळाल्यापासून २१ दिवसांत करावी लागते, आणि हे काम ट्रॅकर करून देत नाही.

एअरटॅगमधला नाण्यासारखा सीआर२०३२ सेल साधारण वर्षभर चालतो. मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप दिलेले काही सेल त्यात नीट जुळत नाहीत, तेव्हा बदललेला सेल चालतो की नाही हे घरीच पाहावे.

चार्जिंगची सोय असलेली ‘स्मार्ट’ बॅग घ्यावी का?

घेऊ नये. अमेरिकेतील काही मोठ्या विमान कंपन्यांनी १५ जानेवारी २०१८ पासून बॅटरी काढता न येणाऱ्या बॅगा नाकारायला सुरुवात केली, आणि या प्रकारातील नावाजलेली ब्लूस्मार्ट कंपनी त्याच वर्षी मे महिन्यात बंद पडली. ग्राहकांच्या हाती जड बॅगा उरल्या. बॅगेने मजबूत चाके आणि चांगली चेन एवढेच द्यावे. वीज पॉवर बँकेतून घ्यावी आणि ठिकाण ट्रॅकरला विचारावे.

सामान तोलण्याचा छोटा काटा खरेच लागतो का?

हाताने उचलून धरायचा आकड्याचा काटा ही या सगळ्यांत सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत लवकर पैसे वसूल करून देणारी वस्तू आहे. जाताना घरच्या वजनकाट्यावर आधी एकटे आणि मग बॅग घेऊन उभे राहून वजाबाकी करता येते. येताना खोलीवर काटा नसतो आणि बॅग तर फुगलेली असते. एकदा परतीच्या रांगेत माझी बॅग २५ किलो ४०० ग्रॅम भरली, मर्यादा २३ होती, आणि पुढची पंधरा मिनिटे मी फरशीवर गुडघे टेकून, मागे उभ्या असलेल्या साठ माणसांच्या साक्षीने, ओले मोजे आणि पुस्तके एका पिशवीतून दुसरीत हलवत होतो. काटा दुसऱ्याच आठवड्यात घेतला.

वापरताना पट्टा हँडलमधून नीट ओवावा, बॅग सावकाश उचलावी आणि आकडा स्थिर होईपर्यंत हात हलवू नये. हिसका दिला की आकडा वाढून दिसतो. मर्यादेच्या अर्धा किलो खाली थांबावे. जादा पैसे भरले तरी ३२ किलोंपेक्षा जड बॅग सहसा स्वीकारली जात नाही, कारण ती मर्यादा सामान उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीसाठी आहे.

टीएसए कुलूप सुरक्षित असते का?

हे कुलूप टीएसएच्या, म्हणजे अमेरिकेतील विमानतळांवरच्या सरकारी सुरक्षा तपासणीत न तोडता उघडता यावे एवढ्यासाठीच असते. त्याच्या मुख्य किल्ल्यांचे छायाचित्र २०१४ मध्ये एका वृत्तपत्रात छापून आले आणि २०१५ मध्ये त्यावरून घरच्या त्रिमितीय प्रिंटरवर किल्ल्या काढता येतील असे आराखडे सर्वत्र पसरले. त्याआधीही फारसा फरक नव्हता, कारण बॅगेची चेन बॉलपेनच्या टोकाने फाकते आणि स्लायडर फिरवला की पुन्हा मिटते. कुलूप लावावे ते चेन आपोआप उघडू नये म्हणून; दागिने, औषधे आणि कागदपत्रे हातातल्या बॅगेतच असावीत.

कार्डातील माहिती चोरीपासून वाचवणारे आरएफआयडी पाकीट घ्यावे का?

त्यासाठी वेगळे पैसे देऊ नयेत. स्पर्शाविना चालणारी कार्डे १३.५६ मेगाहर्ट्झवर आणि काही सेंटिमीटर अंतरापर्यंतच बोलतात, आणि प्रत्येक व्यवहारासाठी नवा सांकेतिक क्रमांक तयार करतात, त्यामुळे चोरून ऐकलेल्या माहितीवर दुसरा व्यवहार होत नाही. पासपोर्टमधली चिपही फोटोच्या पानावरच्या खालच्या ओळींतील माहिती आधी दिल्याशिवाय उघडत नाही. प्रवासात पैसे जातात ते खिसेकापूंमुळे, एटीएमवर बसवलेल्या, कार्डाची माहिती चोरणाऱ्या बनावट तोंडांमुळे आणि फसव्या संदेशांमुळे, आणि अशा पाकिटातले धातूचे अस्तर यांपैकी एकालाही अडवत नाही. दोन कार्डे दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणे फुकट आहे आणि त्याचा उपयोग होतो.

आवाज कमी करणारे हेडफोन किमतीला योग्य असतात का?

लांबच्या विमानप्रवासाला वर्षातून दोनदा तरी जाणाऱ्यांसाठी योग्य आहेत. या कल्पनेचा जन्मच विमानात झाला. ध्वनिशास्त्रज्ञ अमर बोस यांना १९७८ मध्ये झुरिकहून बोस्टनला जाताना विमानातले हेडफोन इंजिनच्या घरघरीत निरुपयोगी वाटले आणि त्यांनी तिथेच बसून आकडेमोड सुरू केली. हेडफोनवरचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलटी लहर आत सोडली जाते, त्यामुळे दोन्ही एकमेकांना खोडून काढतात.

घरघर सलग आणि खालच्या सुरातली असते, म्हणून तिचा अंदाज बांधता येतो. रडणारे मूल, भांड्यांचा खणखणाट, शेजाऱ्यांच्या गप्पा हे अचानक बदलणारे, वरच्या सुरातले आवाज असतात आणि ते बऱ्यापैकी ऐकू येतच राहतात. ‘एवढे पैसे देऊनही मूल ऐकू येते’ ही तक्रार म्हणूनच वारंवार येते. वरच्या सुरांसाठी कानात बसणारे फोमचे बोळे अधिक चांगले काम करतात, आणि झोपण्यासाठी तर मी तेच वापरतो. कुशीवर वळले की मोठा हेडफोन कानाला टोचतो.

हेडफोन घेताना तारेचीही सोय आहे ना हे पाहावे, कारण अनेक विमानांतील पडद्यांना अजूनही ३.५ मिलिमीटरची पिन लागते. ब्लूटूथचा छोटा प्रेषक घेतला तर तारेविना भागते, पण चार्ज करायची आणखी एक वस्तू वाढते.

पाणी शुद्ध करणारी बाटली किंवा अतिनील किरणांची कांडी नेणे शहाणपणाचे आहे का?

हे जाण्याच्या ठिकाणावर अवलंबून आहे, आणि उपकरणाच्या मर्यादा माहीत असतील तरच ते सुरक्षित आहे. पोकळ तंतूंची गाळणी असलेल्या बाटल्यांची छिद्रे ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात. जीवाणू आणि जिआर्डियासारखे एकपेशीय जीव त्यांत अडकतात, विषाणू मात्र त्याहून कितीतरी लहान असल्याने आरपार जातात. डोंगरातल्या, वस्तीपासून दूरच्या झऱ्यासाठी ही बाटली उत्तम आहे. जिथे सांडपाणी मिसळण्याची शक्यता असते तिथे एकट्या तिच्यावर विसंबू नये. गोठणाऱ्या थंडीत ओली गाळणी बर्फाने फाटते आणि बाहेरून तसे काहीच दिसत नाही, म्हणून अशा रात्री ती झोपण्याच्या पिशवीत उबेला घ्यावी लागते.

अतिनील कांडीचे नेमके उलट आहे. ती विषाणूंनाही निकामी करते, परंतु गढूळ पाण्यात किरण पोहोचत नाहीत आणि बॅटरी संपली की हातात नुसती काचेची नळी उरते. दोन्ही उपायांनी पाण्यात विरघळलेली रसायने किंवा जड धातू जात नाहीत. पाणी खळखळून एक मिनिट उकळणे, आणि २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळणे, हा सर्व जंतूंवर चालणारा उपाय आजही आहे. शहरांतून फिरणाऱ्याला मात्र साधी रिकामी बाटली पुरते. ती तपासणीनंतर भरून घेता येते.

पॉकेट वाय-फाय घ्यावे की ई-सिम?

एकट्याने किंवा दोघांनी जायचे असेल तर ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच उतरवून घ्यायचे सिम, घ्यावे. परत करायचे यंत्र नाही, चार्जिंग नाही, आणि मूळ क्रमांक बँकेच्या संदेशांसाठी चालू राहतो. चार-पाच जणांचे कुटुंब एकत्रच फिरणार असेल तर पॉकेट वाय-फाय स्वस्त पडू शकते, परंतु ते ज्याच्या खिशात आहे तो दुसऱ्या दुकानात शिरला की बाकीचे तुटतात. ई-सिम बसवायला इंटरनेट लागते, म्हणून ते निघण्याआधीच घरी बसवावे आणि उतरल्यावर फक्त सुरू करावे.

भाषांतराचे वेगळे यंत्र लागते का?

नाही. फोनमधील अ‍ॅपवर भाषेचा संच आधी उतरवून घेतला की इंटरनेटविनाही काम होते, आणि पाटी किंवा औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर कॅमेऱ्याने वाचता येतो, जे वेगळ्या यंत्रांपैकी अनेकांना जमत नाही.

गिंबल, सेल्फी स्टिक, ड्रोन यांचे काय?

फोनच्या कॅमेऱ्यांत आता थरथर सावरण्याची सोय इतकी सुधारली आहे की गिंबल, म्हणजे फोन स्थिर धरणारी मोटरची मूठ, फक्त चित्रीकरण हाच ज्यांचा हेतू आहे त्यांनीच न्यावा. इतरांचा तो तिसऱ्या दिवसापासून बॅगेच्या तळाशी असतो. सेल्फी स्टिक अनेक संग्रहालयांत चालत नाही आणि डिस्नेच्या उद्यानांनी ती २०१५ मध्येच बंद केली. ड्रोनबाबत आधी कायदा वाचावा आणि मग तिकीट काढावे. मोरोक्कोत ड्रोन आणण्यासच बंदी आहे आणि तो सीमाशुल्क तपासणीत काढून घेतला जातो. उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या यंत्रांनाही हीच खबरदारी लागू आहे, कारण भारतात परवानगीविना ती जवळ बाळगणे हा गुन्हा ठरतो आणि ‘फक्त संकटासाठी ठेवले होते’ हे स्पष्टीकरण तिथे पुरत नाही.

विमानातल्या आसनासाठी मिळणाऱ्या वस्तू कितपत कामाच्या आहेत?

मानेची उशी वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. हवा भरायची असेल तर निदान बॅगेतली जागा वाचते. पायांसाठीचा झोपाळा काही कंपन्या लावू देत नाहीत. पुढचे आसन मागे झुकू नये म्हणून लावायच्या खुंट्यांपासून मात्र लांबच राहावे. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांच्यावरून दोन प्रवाशांत असे भांडण जुंपले की नेवार्कहून डेन्व्हरला निघालेले विमान शिकागोला उतरवावे लागले. गळ्यात अडकवायच्या हवा शुद्ध करणाऱ्या पेट्यांसाठी एक वाक्यही अधिक होईल.

हवा काढून कपडे दाबणाऱ्या पिशव्या?

जागा वाचते, वजन तेवढेच राहते, आणि वाचलेल्या जागेत आणखी कपडे भरले जातात. परत येताना व्हॅक्यूम पंप नसतो. कपड्यांचे कप्पे करणाऱ्या साध्या चौकोनी पिशव्या अधिक बऱ्या.

सार्वजनिक यूएसबी पोर्टवर फोन लावणे धोक्याचे आहे का, आणि त्यासाठी ‘डेटा ब्लॉकर’ घ्यावा का?

आजचे फोन अनोळखी पोर्टला जोडले की फक्त चार्ज करायचे की माहितीही द्यायची, हे विचारतात. तिथे नकार दिला की डेटा ब्लॉकर, म्हणजे माहिती अडवून फक्त वीज जाऊ देणारा जोड, वेगळा घ्यावा लागत नाही. स्वतःचा चार्जर भिंतीच्या सॉकेटला लावला की प्रश्नच उरत नाही, आणि फोनही लवकर भरतो.

कोणत्या साध्या वस्तू कोणी सुचवत नाही, पण कामी येतात?

डोक्याला बांधायचा छोटा दिवा, कारण दोन्ही हात मोकळे राहतात आणि वीज गेलेल्या खोलीत फोन तोंडात धरावा लागत नाही. दाराखाली सरकवायची, दार ढकलताच कर्कश वाजणारी रबरी पाचर एकट्याने प्रवास करणाऱ्यांच्या झोपेसाठी मोलाची आहे. पिळाची, चिमट्यांविना कपडे अडकवता येणारी दोरीही अशीच. सॉकेट पलंगापासून नेहमीच लांब असते, म्हणून दोन मीटरची तार न्यावी. यांपैकी एकालाही अ‍ॅप लागत नाही.

नवी वस्तू घेतल्यावर निघण्यापूर्वी काय करावे?

निदान दोन आठवडे आधी घ्यावी आणि एक पूर्ण दिवस घरीच वापरावी. हेडफोनची जोडणी, ट्रॅकरची नोंदणी, काट्याचे किलो-पाउंड बदलणारे बटण, यांतले काहीही निघण्याच्या रात्री शिकू नये. त्या दिवसात जी वस्तू हातात घ्यावीशीही वाटली नाही ती परत करण्याची मुदत तोवर संपलेली नसते.

परतल्यावर ही उपकरणे कशी ठेवावीत?

पॉवर बँक पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये. निम्म्याच्या आसपास भरून थंड, कोरड्या जागी ठेवावी आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा तेवढी भरावी. सामानाच्या काट्यातला सेल काढून ठेवावा, नाहीतर तो पाझरून आतले संपर्क गंजतात. गाळणीची बाटली उलटी करून आतून पूर्ण वाळू द्यावी. पॉवर बँकेची कड फुगलेली दिसली, किंवा सपाट टेबलावर ठेवल्यावर ती डुगडुगू लागली, तर ती पुन्हा चार्ज करू नये, टोचू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. ती ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवून, ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात आधी विचारून नेऊन द्यावी.